मिटलेलं म्हणजे पास

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या मामींना दोन नमस्कार, कारण यातले कष्ट सगळे त्यांचे आहेत.

तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात का? मामी मागे सांगत होत्या की थेंब डोळ्यात एक पडतो आणि गालावर चार, आणि वर तुम्ही त्यांनाच ऐकवता की बाटलीचं तोंड मुळातच चुकीचं केलंय. मामा, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तरी ती बाटली सुधारायला घेऊ नका. डॉक्टरांनी एक डोळा या महिन्यात आणि दुसरा पुढच्या महिन्यात सांगितलाय, तोवर जग धूसर दिसतंय तर दिसू द्या. मी रोज स्वच्छ नजरेने बघते, तुमचं काही फारसं बुडत नाहीये. बाकी मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तो जिन्यामुळे, कारण कंपनीची लिफ्ट अजून बंदच आहे (तुम्ही निवृत्त झालात तेव्हा बंद होती तीच, तिच्यावरची 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी जुनी झाली म्हणून मात्र नवी लावली).

(मामी, पत्रात असे कंस येतील. ज्या कंसात सुरुवातीला 'मामी' असेल तो मनातल्या मनात वाचा, वाटलं तर थोडं खोकल्यासारखं करा आणि पुढे चला. मामांना तुमचं थांबणं लगेच ऐकू येतं, म्हणून हे कंस लहान ठेवले आहेत.)

पत्र का लिहितेय ते आधी सांगते. दर रविवारी सकाळी तुमचा फोन येतो आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता तुम्ही विचारता, काय ठरलं. गेल्या तीन रविवारांपैकी एकदा मी म्हणाले आवाज येत नाहीये, एकदा म्हणाले दूध उतू जातंय, आणि एकदा फोन नुसता वाजू दिला. दूध खरंच उतू गेलं होतं, पण ते आदल्या दिवशी. चौथ्या रविवारी काय सांगायचं ते सुचेना, म्हणून हे पत्र. शिवाय पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा एक फायदा आहे. कागद पाठकोरे आहेत त्याबद्दल राग मानू नका. पाठीमागे छापलेले तक्ते आहेत, त्यांचं पुढे येईलच.

तर टिचभर. (आमचा नवा लॅपटॉप इतका लहान आहे की जुळणीच्या खोलीत सगळे त्याला टिचभरच म्हणतात. विक्रीवाल्यांनी त्याचं नाव चार वेळा बदललं, आम्ही एकदाही नाही.) पडदा पाटीपेक्षा लहान, बटणं एवढी जवळजवळ की माझ्या एका बोटाखाली तीन अक्षरं येतात, आणि वजन असं की पिशवीत आहे की नाही हे दोनदा बघावं लागतं. शाळेतल्या मुलांसाठी आणि लहान दुकानदारांसाठी. त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची हे ठरायचं होतं, म्हणजे यंत्र चालू केल्यावर जी आधी स्वतः उठते आणि मग बाकीच्यांना उठवून कामाला लावते ती. तीन होत्या. एक विकतची, सगळ्या जगात चालते ती. एक फुकटची, कुणीही घ्यावी आणि कशीही शिवून घ्यावी अशी. आणि तिसरी घरची, म्हणजे तुमची, कंपनीच्या मागच्या खोलीत कोठीच्या भिंतीला पाठ लावून बावीस वर्षं तुम्ही जी लिहिलीत ती. टिचभरवर तुमची घरची बसणार की नाही, एवढाच प्रश्न होता. तुमच्यासाठी तो किती मोठा आहे हे मला माहीत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनासुद्धा तुम्ही सांगितलंत म्हणे की जरा लवकरची तारीख द्या, माझं यंत्र बाजारात येतंय, मला ते बघायचंय.

निवड करणार होते जावईबापू. तुमच्या वेळचे मालक आता कंपनीत येत नाहीत, त्यांचे जावई येतात, आणि ते आधी छताच्या पंख्यांच्या कारखान्यात होते. माणूस वाईट नाही, पण सगळ्या गोष्टींकडे मान वर करून बघतो. पहिल्याच बैठकीत त्यांनी टिचभर हातात घेऊन विचारलं, याला स्पीड किती. मी म्हणाले, एकच. ते म्हणाले, निदान तीन तरी द्या, लोकांना निवडायला आवडतं. येताना त्यांनी जुन्या कारखान्यातले छापील चाचणी-तक्ते गठ्ठेच्या गठ्ठे आणले, कारण छापून झालेला कागद वाया घालवायचा नाही. त्यामुळे गेलं वर्षभर मी लॅपटॉपची चाचणी पंख्याच्या तक्त्यावर लिहितेय. रकाने आहेत पाती, घरघर, डगमग, आणि सगळ्यात शेवटी 'चालवून पाहिले'. पाती या रकान्यात मी पडदा धरते. घरघर आणि डगमग तशीच चालतात. हे पत्र त्याच तक्त्यांच्या पाठीवर आहे (मामी, पान चुकून उलटं धरून 'डगमग: मध्यम' असं काही वाचू नका, त्यांना वाटेल माझ्या तब्येतीबद्दल आहे).

विकतचीला घेऊन एक टायवाला आला. त्याने टाय एवढा घट्ट बांधला होता की बोलताना दर वाक्याला आवाज एक पायरी वर चढायचा. त्याची सिस्टीम टिचभरवर चढवायला सकाळ गेली. चढली ती अशी चढली की यंत्रात तिच्याखेरीज कुणाला बसायला जागा उरली नाही. एक पत्र लिहून ठेवायचं म्हटलं तरी ती सांगायची की जागा करा. मग तिने अटी वाचायला दिल्या, आणि खाली 'मान्य' हे बटण असणार असं टायवाला म्हणाला. असणार. पण टिचभरचा पडदा एवढा बुटका की ते बटण पडद्याच्या खालच्या कडेच्याही खाली गेलं होतं. आहे, पण दिसत नाही. टायवाल्याने यंत्र आडवं धरलं, उभं धरलं, मग स्वतः मान वाकडी करून टेबलाखालून बघितलं, जणू बटण तिथून लोंबत असेल. शेवटी त्याने अंदाजाने काहीतरी दाबलं आणि ती पुढे गेली. आपण काय मान्य केलं ते त्यालाही माहीत नाही. दुपारी तिच्या पडद्यावर डोंगराचं सुंदर चित्र आलं आणि त्याच जागी ती गोठली. बाण हलेना, घड्याळ हलेना. मी तक्त्यावर 'नापास' लिहिलं आणि झाकण उघडं ठेवलं.

फुकटचीची बाजू खरेदीवाल्या बाईंनी घेतली होती. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, पण किमतीच्या जागी शून्य लिहायला मिळणार म्हणून त्या आठवडाभर आनंदात होत्या. मला ती तशी आवडली, खोटं कशाला बोलू. हलकी होती, पटकन उठायची. पण बोट वर नेलं की बाण खाली जायचा, झाकण लावून उघडलं की ओळख विसरायची, आणि मधूनच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत असा काही प्रश्न विचारायची की उत्तर 'हो' द्यावं की माफी मागावी ते कळेना. तिच्या माहितगारांना विचारावं तर ते आपसातच भांडतात. एकाने सांगितलं अमुक प्रकारची घ्या, दुसऱ्याने सांगितलं की पहिल्याचं ऐकलंत तर रडाल. एका दिवसात आमच्याकडे त्याच सिस्टीमच्या चार बहिणी जमा झाल्या आणि चौघींचं एकमेकींशी पटेना. तिच्याही तक्त्यावर मी 'नापास, पण होतकरू' लिहिलं. झाकण उघडं.

आता घरची. मामा, तिसऱ्या दिवशी सकाळी मी घरची चढवली आणि जुळणीच्या खोलीतल्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. अकरा सेकंदांत उठली. अकरा, मी मोजले. बटणं सगळी जागच्या जागी, कारण तुम्ही पहिल्यापासून असंच गृहीत धरलं होतं की गिऱ्हाइकाला मोठा पडदा परवडणार नाही. विकतची प्रत्येक ओळ लिहून झाली की परत वाचून बघते, फुकटची दोनदा बघते, म्हणून त्या मंद. तुम्ही तसं कधी केलंच नाहीत. एकदा लिहिलं म्हणजे लिहिलं, सारखं उघडून बघायचं नाही, लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की घरात लिहिलेली वाणसामानाची यादीसुद्धा मी परत वाचत नाही (आणि साखर विसरते). चाचणी तुमचीच लावली: एक पत्र लिहायचं, ठेवायचं, मिटायचं, पुन्हा नवं लिहायचं, अशा शंभर फेऱ्या. शंभर झाल्यावर तिने तुमचं ते वाक्य दाखवलं, 'सगळं जपून ठेवलं आहे. आता निवांत मिटा.' ते वाक्य मी हजारो वेळा वाचलंय आणि तरी त्या दिवशी पुन्हा एकदा वाचलं. मी झाकण मिटलं.

आणि तिथेच घात झाला. तुम्हाला आठवतं, बारावी नापास होऊन मी घरी रडत बसले होते तेव्हा तुम्ही मला हाताला धरून चाचणीच्या खोलीत नेऊन बसवलंत. पहिल्या दिवशी एकच नियम सांगितलात. पास झालेलं यंत्र मिटून ठेवायचं, म्हणजे त्याला पुन्हा कुणी हात लावणार नाही. नापास झालेलं उघडं ठेवायचं, म्हणजे येणारा-जाणारा त्याच्याकडे बघेल आणि कुणीतरी दुरुस्त करेल. मी स्वतः त्या आठवड्यात नापास असल्यामुळे नियम मला लगेच कळला. एवढी वर्षं सगळी कंपनी हा नियम पाळते. कुणी तो लिहून ठेवला नाही, कारण कुणाला तो माहीत नसेल असं कुणाला वाटलंच नाही.

जावईबापूंना तो माहीत नव्हता. दुपारी मी हात धुवायला गेले होते, तेवढ्यात ते टायवाल्याला आणि खरेदीवाल्या बाईंना घेऊन निवड करायला खोलीत आले. टेबलावर तीन टिचभर, दोन उघडी, एक मिटलेलं. त्यांनी मिटलेल्यावर टिचकी मारली आणि विचारलं, हे गेलं का. पंख्यांच्या कारखान्यात बंद पंखा म्हणजे नापास पंखा, त्यांचं तरी काय चुकलं. बाईंना वाटलं, साहेबांना आधीच काही कळलं असेल, त्या 'हो' म्हणाल्या. मग साहेब डोंगराच्या चित्रापुढे बसले आणि चांगली पाच मिनिटं ते बघत राहिले. चित्र तसूभर हललं नाही. ते म्हणाले, काय स्थिर आहे हो ही. टायवाल्याने टाय सैल केला आणि म्हणाला, साहेब, हाच तर आमचा गुण. ठराव लिहून झाला. मी हात पुसत आत आले तोवर खाली तिघांच्या सह्या होत्या आणि चौथ्या सहीची जागा माझ्यासाठी ठेवली होती.

मी सही केली, मामा. तुम्ही विचाराल की बोलली का नाहीस, तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का. तुम्ही विचाराल हे मला सहीच्या आधीपासून माहीत होतं. उत्तर एवढंच की मी सही केली. त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या खोलीतून टेबल हलवलं. खिळ्यांचा डबा, तुमची ती एक पाय बांधलेली खुर्ची आणि भिंतीवरचं कॅलेंडर (तुम्ही गेलात त्या महिन्यावरच होतं) कोठीत नेऊन ठेवलंय. त्या खोलीत आता विकतचीचे खोके राहतील. मला पुढच्या महिन्यापासून तक्रारींच्या खिडकीवर बसायचंय. चाचणी-खोलीची गरज राहिली नाही, कारण विकतची आधीच सगळ्या जगाने तपासलेली आहे असं साहेबांचं म्हणणं. जुळणीतल्या निम्म्या बायकांना सांगून टाकलंय की या महिन्यानंतर बघू, आणि या कंपनीत 'बघू' म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. एकूण काय, टिचभर बाजारात येणार, डोंगराच्या चित्रासकट. तक्रारींच्या खिडकीवर मला चांगलं काम मिळेल.

कृपा करून भांडायला येऊ नका. तुम्ही पिशवी भरायला घ्याल हे मला इथून दिसतंय. साहेबांना पत्रही लिहू नका, ते पत्राला पंख्याचा तक्ता जोडून परत पाठवतील. चूक झाली ती झाली. तुमची घरची हरली नाही एवढं मनाशी ठेवा. शंभर फेऱ्या झाल्या, वाक्य आलं, झाकण मिटलं. एका माणसाला आपल्या खोलीची रीत माहीत नव्हती, बाकी काही नाही. हे तुम्ही शेजारच्यांना सांगा, डॉक्टरांनाही सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा.

आता आवरते. थेंब घाला, गाल पुसा, मामींवर चिडू नका. दोन्ही डोळे बरे झाले की मी चार दिवस येऊन राहीन आणि तुम्ही म्हणाल ते सगळं ऐकून घेईन.

तुमची भाची
('भाची'च्या आधी 'लाडकी' लिहायचं होतं, पण ते तुम्ही ताजा कलम ऐकल्यावर ठरवा)

ता. क. लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. चाचणीच्या खोलीत मांडलेली जुनी चौदा यंत्रं आहेत ना, तुमची घरची चालवणारी, ती पुसून विकून टाकायची आहेत. घरची पुसायला गेलं की ती एक शब्द मागते आणि तो शब्द तुम्ही कुणालाच सांगितलेला नाही. साहेबांनी कंपनीचं नाव घालून पाहिलं, सासऱ्यांचं नाव घातलं, मग रागाने स्वतःचं घातलं. दर वेळी ती 'असं नाही' एवढंच म्हणते. पाच वेळा चुकल्यावर 'थोडा चहा घेऊन या' म्हणते, आणि साहेब खरंच चहा घेऊन आले. मग कुणीतरी म्हणालं, त्यांच्या भाचीला सांगा. म्हणून विचारतेय. तुमच्या हातचं पुसून टाकायला तुमच्याकडेच शब्द मागायचा, मामा, माझी मलाच लाज वाटतेय, पण शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलंय. नाही सांगितलात तर मी सांगेन, म्हातारा ऐकत नाही.

(मामी, इथपर्यंत मोठ्याने वाचून झालं असेल तर त्यांना सांगा की पत्र संपलं. चष्मा काढा, घडी घाला, आणि ते झोपले की हे शेवटचं पान एकट्याने वाचा. म्हणूनच ते वेगळ्या कागदावर आहे.)

ता. क. दुसरा, फक्त मामींना. हे पान उलटून बघा. हा घरचीचाच तक्ता आहे, त्या दिवशीचा, खरा. दुसरा मी साहेबांसाठी नव्याने भरला. पाती ठीक, घरघर नाही, डगमग नाही. शेवटचा रकाना 'चालवून पाहिले'. त्या पंख्याच्या मेल्या रकान्यापायी मी ते मिटलेलं झाकण पुन्हा उघडलं, मामी. एरवी उघडलं नसतं. मामांनी शिकवलेलं नव्हतं. उघडून शंभर पत्रं एकेक बघितली. बासष्ट नीट होती. त्रेसष्टाव्यापासून पुढची सगळी कोरी. टिचभरमध्ये पूर्वीसारखी फिरती चकती नाही, नव्या तऱ्हेची चिप आहे, आणि तिच्यातली जागा कुठे संपते ते घरचीला ओळखताच येत नाही. जागा संपल्यावर ती हवेत लिहीत राहिली, आणि मागे वळून बघायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कोऱ्या अडतीस पत्रांनंतरही तिने तेच सांगितलं, सगळं जपून ठेवलं आहे, आता निवांत मिटा. एखाद्या पोराने त्यात वर्षभराचा अभ्यास लिहिला असता आणि दुकानदाराने सगळी उधारी.

मला तेव्हा झाकण उघडं ठेवायला हवं होतं. मी मिटलं. बघणाऱ्यांनी तिच्याकडे नापास म्हणून बघावं हे मला सोसेना. आणि हात धुऊन माझे केव्हाच झाले होते. साहेबांनी टिचकी मारली तेव्हा मी दारात उभी होते, ओल्या हातांनी, सगळं ऐकत. एक वाक्य बोलले असते तर घरची निवडली गेली असती. पंख्याच्या माणसाने न समजता बरोबर तेच केलं, आणि मला समजून उमजून तोंड उघडता आलं नाही, ना तिच्या बाजूने, ना विरुद्ध. मामांना खरं सांगायला तीन रविवार होते. तेही जमलं नाही. त्यांनी एका मुलीला नापास असताना उचलून आणलं होतं, तिने त्यांना नापास कसं म्हणायचं?

म्हणून तुमच्याकडे मागणं हे आहे. त्यांना इकडे येऊ देऊ नका. आले तर ते फेरचाचणी मागतील, आणि ती मलाच घ्यावी लागेल, त्यांच्या डोळ्यांदेखत, नव्या डोळ्यांदेखत. त्या शब्दाची त्यांना आठवण करू नका. नाही सांगितला तर ती चौदा यंत्रं अजून काही दिवस तिथे राहतील आणि कुणी पुसू शकणार नाही, माझं एवढंच म्हणणं. आणि पहिल्या डोळ्याची पट्टी निघायच्या आत हे पान फाडून टाका. बारीक फाडा, ते तुकडे जुळवायला बसतील.

पट्टी असताना ते विचारतील, पोरीने आणखी काही लिहिलंय का. तुम्ही तेच सांगा जे त्यांची घरची सांगायची. सगळं जपून ठेवलं आहे. आता निवांत मिटा.